डेस्कटॉप डेटाबेस

डेस्कटॉप डेटाबेस : वैयक्तिक संगणकावर एका अथवा मोजक्या संचिकांत म्हणजे फाइलींत साठविलेला, परस्परसंबंधित नोंदींचा सुसंघटित संग्रह. नोंदी भरणे, शोधणे, त्यांत दुरुस्ती करणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि त्यांवरून अहवाल तयार करणे या क्रियांसाठी लागणारी आज्ञावली ज्याच्या त्याच्या संगणकावरच चालते. मोठ्या डेटाबेसला लागतो तसा स्वतंत्र सर्व्हर, त्यावर अखंड चालणारी व्यवस्था व प्रशिक्षित व्यवस्थापक यांची येथे गरज नसते. त्यामुळे लहान कार्यालये, दवाखाने, ग्रंथालये, शाळा, सहकारी संस्था व कारखाने यांत सभासदांची नोंदवही, आवक-जावक, साठा, वेतनपत्रक इ. कामांसाठी हे डेटाबेस मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यालाही असा डेटाबेस काही दिवसांत उभा करता येतो, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र एका व्यक्तीच्या सोयीसाठी निर्माण झालेली संचिका हळूहळू सर्व कार्यालयाची होते, वर्षानुवर्षे वाढत राहते आणि अखेरीस ज्या मर्यादांचा विचार प्रारंभी कोणी केलेला नसतो त्या मर्यादांना जाऊन भिडते. वाढता आकार आणि अनेकांनी एकाच वेळी करावयाचा वापर हे डेस्कटॉप डेटाबेसाचे दोन प्रमुख प्रश्न असून ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

ऐतिहासिक आढावा : आधुनिक डेटाबेसांचा सैद्धांतिक पाया एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी घातला. आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये त्यांनी सर्व माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या कोष्टकांच्या रूपात मांडण्याची ‘संबंधात्मक’ पद्धती सुचविली. वैयक्तिक संगणकावर डेटाबेस लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यत्वे डीबेस या आज्ञावलीला जाते. अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘व्हल्कन’ नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यापासूनच अ‍ॅश्टन-टेट कंपनीची डीबेस-टू ही आवृत्ती सिद्ध झाली. डीबेस-थ्री १९८४ मध्ये, तर डीबेस-फोर १९८८ मध्ये आली. फॉक्सप्रो हे तिच्याच कुळातले दुसरे प्रसिद्ध उत्पादन होय. फॉक्सप्रो तयार करणारी कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्सेस ही आज्ञावली बाजारात आली. भारतात १९९० नंतरच्या दशकात हिशेब, वेतन व साठा यांसाठी फॉक्सप्रोवर आधारलेल्या आज्ञावल्या पुष्कळ ठिकाणी वापरात होत्या. पुढे कार्यालयीन आज्ञावली-संचाबरोबर अ‍ॅक्सेस मिळू लागल्याने तिचा प्रसार झाला. फाइलमेकर व सर्वांना मुक्त असलेली एसक्यूलाइट (२०००) ही या क्षेत्रातील अन्य महत्त्वाची साधने आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अ‍ॅक्सेसच्या उदाहरणाने विवेचन केले असले, तरी त्यातील बहुतेक तत्त्वे इतर साधनांनाही लागू पडतात.

संचिकेची रचना : वापरणाऱ्याला डेटाबेस कोष्टकांच्या रूपात दिसतो, तथापि डिस्कवर तो समान आकाराच्या तुकड्यांत लिहिलेला असतो. या तुकड्यांना ‘पाने’ म्हणतात. अ‍ॅक्सेसच्या १९९७ पर्यंतच्या आवृत्त्यांत पान २,०४८ बाइटांचे होते. अ‍ॅक्सेस २००० या आवृत्तीपासून ते ४,०९६ बाइटांचे झाले. एका पानावर एकाच कोष्टकातील अनेक नोंदी बसतात. नोंदींशिवाय निर्देशसूची, कोष्टकांचे परस्परसंबंध, जतन केलेल्या पृच्छा, प्रपत्रे, अहवाल व आज्ञावलीतील संहिता हेही त्याच संचिकेत असतात. निर्देशसूचीचे कार्य ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सूचीसारखेच असते. तिच्यामुळे एखादे नाव शोधताना सर्व पाने चाळावी लागत नाहीत. परंतु प्रत्येक निर्देशसूचीला जागा लागते आणि नवी नोंद भरताना प्रत्येक सूचीत बदल करावा लागतो. म्हणून निर्देशसूची ज्या रकान्यांवर खरोखर शोध घेतला जातो अथवा ज्यांनी कोष्टके जोडली जातात त्यांनाच असणे इष्ट असते.

आकारमर्यादा : प्रत्येक संचिका-प्रकाराला आकाराची एक कमाल मर्यादा असते. अ‍ॅक्सेस ९७ मध्ये ती १ गीगाबाइट होती; अ‍ॅक्सेस २००० पासून ती २ गीगाबाइट करण्यात आली. २ चा ३१ वा घात म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइट ही ती संख्या असून व्यवस्थेला लागणारी जागा तीतूनच वजा होते. संगणक, त्याची स्मृती व डिस्क कितीही मोठी असली, तरी ही मर्यादा बदलत नाही. अ‍ॅक्सेसच्या ६४ बिटांच्या आवृत्तीतही ती तेवढीच आहे. फॉक्सप्रोत २ गीगाबाइटांची मर्यादा संपूर्ण डेटाबेसला नसून प्रत्येक कोष्टकाच्या संचिकेला लागू होते. याउलट फाइलमेकरची संचिका ८ टेराबाइटपर्यंत, तर एसक्यूलाइटची तत्त्वतः सु. २८१ टेराबाइटपर्यंत वाढू शकते. मर्यादा अ‍ॅक्सेसची की साठवण-साधनाची, हेही पाहावे लागते. उदा., पेनड्राइव्हवर पुष्कळदा आढळणाऱ्या फॅट-३२ या मांडणीत ४ गीगाबाइट वा त्याहून मोठी कोणतीही एक संचिका ठेवता येत नाही. अ‍ॅक्सेसची संचिका मर्यादेला पोहोचली की नवी नोंद नाकारली जाते. परंतु पडद्यावर येणारा संदेश अनेकदा केवळ ‘अवैध मूल्य’ अशा अर्थाचा असतो व त्यात आकाराचा उल्लेखच नसतो. त्यामुळे दोष नोंद भरणाऱ्याच्या हातून घडला असा समज होऊन मूळ कारण शोधण्यात वेळ जातो.

आकार वाढण्याची कारणे : संचिका फुगण्याचे कारण दर वेळी नोंदींची संख्या हेच असते असे नाही. पहिले कारण म्हणजे पुसलेल्या नोंदींची जागा. नोंद पुसली, तरी ती जागा डिस्कला परत मिळत नाही. संचिकेत पोकळ्या राहतात. महिन्याच्या अहवालासाठी हजारो नोंदी तात्पुरत्या कोष्टकात घ्यावयाच्या, अहवाल छापावयाचा व कोष्टक रिकामे करावयाचे, अशी पद्धत असेल, तर प्रत्येक अहवालागणिक संचिका वाढत राहते. दुसरे कारण चित्रे व कागदपत्रे थेट संचिकेत साठविणे हे होय. अ‍ॅक्सेसमधील जुन्या पद्धतीत मूळ चित्राबरोबर त्याची असंक्षिप्त प्रतिमाही साठविली जाई. १,००० × १,००० बिंदूंच्या रंगीत चित्राला प्रत्येक बिंदूस ३ बाइट याप्रमाणे ३० लक्ष बाइट लागतात. तेच चित्र जेपेग स्वरूपात त्याच्या लहान अंशाएवढ्या जागेत मावते. २००७ च्या आवृत्तीत जोडपत्रांसाठी सुधारित प्रकार आला. पण मूळ प्रश्न सुटला नाही. ३ मेगाबाइटांची केवळ ६०० छायाचित्रे साठविली, तरी १,८०० मेगाबाइट खर्ची पडतात व इतर माहितीला जागा उरत नाही.

तिसरे कारण सदोष आखणी. समजा, २ लक्ष पावत्यांच्या कोष्टकात प्रत्येक नोंदीबरोबर शाखेचा ६० अक्षरचिन्हांचा पत्ता देवनागरीत लिहिला आहे. प्रत्येक चिन्हास २ बाइट धरल्यास या एका रकान्यासाठी २ कोटी ४० लक्ष बाइट लागतात. शाखांचे वेगळे कोष्टक करून पावतीत केवळ ४ बाइटांचा शाखाक्रमांक ठेवला, तर ८ लक्ष बाइट पुरतात. शिवाय शाखेचा पत्ता बदलला, तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. माहितीची अशी विभागणी करण्याच्या क्रियेस प्रसामान्यीकरण म्हणतात. ती प्रथम माहितीच्या शुद्धतेसाठी केली जाते. जागेची बचत हा तिचा आनुषंगिक लाभ होय.

देवनागरी मजकूर : मराठी नोंदींच्या बाबतीत लिपीच्या संकेतनाचा आकाराशी थेट संबंध येतो. अ‍ॅक्सेस २००० पासून सर्व मजकूर युनिकोडमध्ये, प्रत्येक चिन्हास २ बाइट याप्रमाणे साठविला जातो. रोमन लिपीतील चिन्हांचा पहिला बाइट शून्य असल्याने त्यांच्यासाठी संक्षेपणाची सोय आहे व तीमुळे जागा जवळपास निम्मी होते. देवनागरी चिन्हांना हा लाभ मिळत नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द युनिकोडमध्ये १० चिन्हांचा आहे. कारण काना व हलन्त ही चिन्हेही स्वतंत्रपणे मोजली जातात. त्याला अ‍ॅक्सेसमध्ये २० बाइट, तर एसक्यूलाइटमध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतनात ३० बाइट लागतात. याच कारणाने अ‍ॅक्सेसमधील २५५ चिन्हांच्या मजकूर-रकान्यात जोडाक्षरयुक्त मराठी मजकूर डोळ्यांना दिसणाऱ्या २५५ अक्षरांपेक्षा बराच कमी मावतो. लांब पत्ते व संस्थांची पूर्ण नावे यांसाठी रकाने आखताना हे लक्षात घ्यावे लागते.

युनिकोडच्या प्रसारापूर्वीच्या मराठी संचिकांचा प्रश्न याहून अवघड आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणित संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. परंतु पुष्कळ कार्यालयांनी विशिष्ट टंक वापरून मराठी मजकूर भरला. अशा संचिकेत प्रत्यक्षात रोमन चिन्हांचे क्रमांक साठविलेले असतात आणि ते केवळ त्या टंकामुळे मराठी दिसतात. टंक नसलेल्या संगणकावर ते निरर्थक दिसतात, त्यांचा अकारविल्हे क्रम लागत नाही व नेमका शोधही घेता येत नाही. अशी संचिका दुसऱ्या कार्यालयास देण्यापूर्वी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे अत्यावश्यक ठरते. रूपांतरानंतर मजकुराचा आकार वाढतो याचीही तरतूद आधीच करावी लागते.

आकाराचे नियंत्रण : संचिकेतील पोकळ्या काढून टाकण्यासाठी ‘संक्षेप व दुरुस्ती’ ही क्रिया असते. तीत उपयोगात असलेल्या सर्व नोंदी नव्या संचिकेत क्रमाने लिहिल्या जातात, निर्देशसूची नव्याने बांधल्या जातात आणि जुन्या संचिकेची जागा नवी घेते. यासाठी डिस्कवर पुरेशी मोकळी जागा लागते आणि त्या वेळी अन्य कोणीही संचिका उघडलेली असता कामा नये. क्रिया मध्येच खंडित होण्याचा धोका असल्याने तत्पूर्वी प्रत काढून ठेवणे हा नियमच समजावा. सामायिक संचिकेच्या बाबतीत हे काम आठवड्याच्या अखेरीस, कार्यालय बंद झाल्यावर व सर्व्हरवरून प्रत स्थानिक डिस्कवर आणून करणे अधिक सुरक्षित असते.

संक्षेपानंतरही संचिका मोठीच राहत असेल, तर आखणीकडे वळावे लागते. चित्रे व कागदपत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसात केवळ त्यांचा मार्ग नोंदवावा. तात्पुरती कोष्टके स्वतंत्र, काम संपताच टाकून देता येणाऱ्या संचिकेत करावीत. जुन्या वर्षांच्या नोंदी अभिलेख-संचिकेत हलवाव्यात व गरज पडेल तेव्हा त्या जोडून पाहाव्यात. एकाच डेटाबेसातील कोष्टके दोन-तीन संचिकांत विभागणे हाही एक उपाय आहे. परंतु तसे केल्यास वेगवेगळ्या संचिकांतील कोष्टकांमधले संबंध अबाधित राखण्याची जबाबदारी अ‍ॅक्सेस घेत नाही. पावती एका संचिकेत व सभासद दुसऱ्या संचिकेत असल्यास, अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पावती फाडली जाणार नाही याची हमी राहत नाही. म्हणून ज्यांचा परस्परसंबंध निकटचा आहे अशी कोष्टके एकत्रच ठेवावीत.

वाढीचा वेग मोजणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय होय. संक्षेपानंतरचा आकार दर महिन्याला लिहून ठेवल्यास अंदाज सहज येतो. ९०० मेगाबाइट जागा शिल्लक असताना संचिका दरमहा १५ मेगाबाइटने वाढत असेल, तर ५ वर्षे मिळतात; वेग ४० मेगाबाइट असेल, तर दोन वर्षांपेक्षाही कमी. संचिका मर्यादेच्या निम्म्यावर येताच पुढील व्यवस्थेची आखणी सुरू करणे श्रेयस्कर असते. कारण स्थलांतराचे काम घाईने केल्यास त्यात चुका राहतात.

सामायिक वापर : एकच संचिका जाळ्यावरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवली की अनेकांना ती एकाच वेळी उघडता येते. अ‍ॅक्सेसमध्ये अशा वापरकर्त्यांची कमाल संख्या २५५ आहे. परंतु प्रत्यक्षात एकाच वेळी नोंदी भरणाऱ्यांची संख्या काही थोड्या जणांपुरती मर्यादित असेल तेव्हाच काम सुरळीत चालते. याचे कारण रचनेत आहे. येथे सर्व्हर हा केवळ संचिका ठेवण्याची जागा असतो. शोध घेण्याचे काम प्रत्येकाचा संगणक करतो व त्यासाठी लागणारी पाने जाळ्यावरून ओढून आणतो. योग्य निर्देशसूची असेल, तर मोजकी पाने पुरतात. ती नसेल, तर संपूर्ण कोष्टक आणावे लागते. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जाळ्यावर २०० मेगाबाइटांचे कोष्टक आणण्यास आदर्श स्थितीतही १६ सेकंद लागतात आणि अनेकांनी तेच केल्यास हा काळ पटीने वाढतो.

दोघांनी एकच नोंद एकाच वेळी बदलू नये यासाठी कुलूपबंदीची योजना असते. कोणती नोंद वा कोणते पान कोणी धरले आहे याची माहिती मुख्य संचिकेशेजारी आपोआप तयार होणाऱ्या कुलूप-संचिकेच्या साहाय्याने ठेवली जाते. शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की ती नाहीशी होते. कोणीही काम करीत नसताना ती शिल्लक दिसल्यास कोणाचा तरी संगणक मध्येच बंद पडला, अथवा कोणाला फोल्डरमधील संचिका पुसण्याचा अधिकार नाही, असे अनुमान काढता येते. अ‍ॅक्सेसच्या जुन्या आवृत्त्यांत कुलूप संपूर्ण पानास लागे. त्यामुळे एका सभासदाची नोंद दुरुस्त होत असताना त्याच पानावरील शेजारच्या सभासदांच्या नोंदीही अडून राहत. अ‍ॅक्सेस २००० पासून एकेका नोंदीस कुलूप लावता येऊ लागले. नोंद उघडताच कुलूप लावावे की जतन करतानाच लावावे, हा निर्णय कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. पहिल्या पद्धतीत इतरांचा खोळंबा होतो. दुसरीत उशिरा जतन करणाऱ्यास आपले बदल सोडून द्यावे लागण्याचा संभव असतो.

विभाजित रचना : सामायिक वापरासाठी डेटाबेसचे दोन भाग करण्याची पद्धत सर्वमान्य झाली आहे. माहितीची कोष्टके असलेला ‘पृष्ठभाग’ सर्व्हरवरील फोल्डरमध्ये ठेवतात. प्रपत्रे, पृच्छा व अहवाल असलेल्या ‘अग्रभागाची’ स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर देतात व कोष्टके त्याला जोडतात. यामुळे प्रपत्रे जाळ्यावरून आणावी लागत नाहीत, एकाच्या अग्रभागातील बिघाड इतरांना बाधत नाही आणि माहितीला धक्का न लावता अहवाल सुधारता येतात. अग्रभागाची एकच प्रत सर्वांनी जाळ्यावरून उघडणे हे या पद्धतीचे मूळ प्रयोजनच फोल ठरविते. नव्या आवृत्तीचा क्रमांक एका लहान कोष्टकात ठेवून, जुनी प्रत उघडणाऱ्यास सूचना देण्याची व्यवस्था सहज करता येते. काम चालू असेपर्यंत पृष्ठभागातील एखादे कोष्टक सतत उघडे ठेवल्यास कुलूप-संचिका पुनःपुन्हा निर्माण करावी लागत नाही व वेग वाढतो.

संचिकेतील बिघाड : पान अर्धवट लिहिले गेले असता संगणक बंद पडणे, वीज जाणे किंवा जाळे तुटणे यामुळे संचिका बिघडते. बिनतारी जाळे आणि दूरच्या शाखांना जोडणारे मार्ग क्षणभर तुटणे स्वाभाविक असते. अशा मार्गावरून सामायिक संचिका उघडणे म्हणूनच धोक्याचे आहे. दूरस्थ व्यक्तीस काम करावयाचे असल्यास तिला कार्यालयातील संगणकाच्या पडद्याशी जोडून देणे हा सुरक्षित पर्याय होय; त्यात जाळ्यावरून केवळ पडद्याचे चित्र व कळफलकाच्या आज्ञा जातात आणि जाळे तुटले तरी संचिकेचे लेखन पूर्ण होते. जाळ्यावरील संचिकांची प्रत वेगासाठी स्थानिक स्मृतीत ठेवण्याच्या पद्धतीमुळेही अडचणी उद्भवतात. विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीनंतर अ‍ॅक्सेसच्या सामायिक संचिका विसंगत अवस्थेत असल्याचे संदेश अनेक ठिकाणी येऊ लागले होते. एसक्यूलाइटचे निर्मातेही जाळ्यावरील फोल्डरमध्ये ठेवलेली संचिका अनेकांनी एकाच वेळी लिहू नये असा इशारा देतात. कारण तेथील कुलूपबंदी भरवशाची नसते.

ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांसारख्या सेवांचे फोल्डर हे वरवर सामायिक फोल्डरसारखेच दिसतात. परंतु ते वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांत प्रत्येक संगणकावर संपूर्ण संचिकेची प्रत असते व ती मागाहून जुळवून घेतली जाते. नोंदींची कुलूपबंदी तेथे नसते. दोन कर्मचाऱ्यांनी एकाच सकाळी आपापल्या प्रतीत नोंदी भरल्या, तर दोन भिन्न संचिका निर्माण होतात आणि त्या एकत्र करण्याचे काम हातांनीच करावे लागते. चालू डेटाबेससाठी या सेवा वापरू नयेत. बंद केलेल्या संचिकेची राखीव प्रत ठेवण्यास त्या उपयुक्त आहेत.

प्रतींचे वाटप व जतन : ईमेलने संपूर्ण संचिका पाठविण्याची सवय दोन कारणांनी घातक ठरते. जोडपत्राच्या आकाराला मर्यादा असते (जीमेलमध्ये ती २५ मेगाबाइट आहे), हे पहिले व गौण कारण. दुसरे कारण असे की, प्रत्येक पाठवणीगणिक एक नवी प्रत जन्मते. कोणती प्रत अधिकृत हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही आणि थकबाकीच्या दोन याद्यांत दोन वेगळे आकडे दिसू लागतात. ज्यांना केवळ माहिती पाहावयाची आहे त्यांना आवश्यक तेवढाच उतारा, दिनांक घालून, वाचनापुरता द्यावा. संकुचित केल्याने संचिकेचा आकार पुष्कळ कमी होतो. मराठी मजकुराचा उतारा साध्या मजकूर-संचिकेत देताना तिचे संकेतन यूटीएफ-८ असल्याची खूण संचिकेच्या आरंभी असावी. अन्यथा एक्सेलमध्ये थेट उघडल्यास अक्षरे विस्कटलेली दिसू शकतात.

राखीव प्रत किंवा बॅकअप सर्व वापरकर्ते बाहेर पडल्यानंतरच घ्यावा. लेखन चालू असताना घेतलेल्या प्रतीत काही पाने जुनी व काही नवी येऊन ती निरुपयोगी ठरू शकते. एकाच प्रतीवर नवी प्रत चढवीत गेल्यास बिघडलेली संचिका चांगल्या प्रतीचा नाश करते. म्हणून दैनिक, साप्ताहिक व मासिक प्रती वेगवेगळ्या ठेवून त्यांपैकी एक तरी कार्यालयाबाहेर असावी. प्रत खरोखर उघडते की नाही, हेही अधूनमधून पडताळून पाहिले पाहिजे.

मर्यादेच्या विस्मरणाचे परिणाम : संचिकेची मर्यादा ही केवळ तांत्रिक बाब नाही, याचे बोलके उदाहरण इंग्लंडमध्ये २०२० साली घडले. कोविड-१९ च्या साथीत प्रयोगशाळांकडून आलेले चाचण्यांचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड (२०२१ मध्ये विसर्जित) ही संस्था एक्सेलच्या जुन्या संचिका-प्रकारात भरून पुढे पाठवीत होती. त्या प्रकारात जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या प्रकारात ही संख्या १०,४८,५७६ आहे. एकेका निकालाला अनेक ओळी लागत असल्याने मर्यादा लवकर गाठली गेली व उरलेल्या ओळी बाहेर राहिल्या. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आली नाही. बाधितांना त्यांचा निकाल कळला होता. मात्र त्यांच्या निकट संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची नावे उशिरा पोहोचली आणि ज्यांनी घरात थांबावयाचे ते त्या दिवसांत अनभिज्ञ राहिले. पुढे माहितीचे लहान भाग करून ती पाठविण्यात येऊ लागली. अ‍ॅक्सेस मर्यादेला पोहोचल्यावर थांबते व निदान तक्रार तरी करते. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात माहिती नेताना मात्र ती मुकाट्याने गळू शकते. म्हणून कोणत्याही हस्तांतरात पाठविलेल्या व मिळालेल्या नोंदींची संख्या आणि महत्त्वाच्या रकमांच्या बेरजा ताडून पाहणे हे साधे तपासणीचे काम कधीही वगळू नये.

सर्व्हरवरील डेटाबेसकडे स्थलांतर : वापरकर्ते वाढले, संचिका वारंवार बिघडू लागली, शाखा दूरवर पसरल्या किंवा आकार मर्यादेकडे झुकला की माहिती सर्व्हरवरील डेटाबेसात हलविणे हाच टिकाऊ उपाय ठरतो. येथे शोध सर्व्हरच घेतो आणि जाळ्यावरून केवळ निकालाच्या नोंदी पाठवितो. व्यवहार अर्धवट राहिल्यास तो आपोआप रद्द होतो व काम चालू असतानाही राखीव प्रत घेता येते. पोस्टग्रेस्क्यूएल व मायएसक्यूएल यांच्या मुक्त आवृत्त्या उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या विनामूल्य एक्सप्रेस आवृत्तीत प्रत्येक डेटाबेसची मर्यादा २००५ मध्ये ४ गीगाबाइट होती. २०१० मध्ये ती १० गीगाबाइट करण्यात आली व नंतरही वाढविण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या सवयीची अ‍ॅक्सेसमधील प्रपत्रे तशीच ठेवून केवळ कोष्टके सर्व्हरवर नेता येतात. ओडीबीसी या जोडणी-पद्धतीने दोहोंचा संबंध राखला जातो.

स्थलांतरात काही पथ्ये पाळावी लागतात. प्रत्येक कोष्टकास एकमेवता राखणारा प्रमुख रकाना असावा. नसल्यास जोडलेल्या कोष्टकात बदल करता येत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुरासाठी युनिकोडचा मजकूर-प्रकारच निवडावा. रोमन लिपीच्या साध्या प्रकारात देवनागरी अक्षरे भरल्यास त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात व मूळ मजकूर परत मिळत नाही. नुसती कोष्टके हलवून वेग वाढेलच असे नाही. सर्व नोंदी मागवून मग त्यांतून निवडणारी जुनी प्रपत्रे बदलून, हवी तेवढीच नोंद मागवील अशी त्यांची रचना करावी लागते. काही काळ जुनी संचिका केवळ वाचनासाठी ठेवणे सोयीचे असते.

सुरक्षितता व उत्तरदायित्व : सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या डेस्कटॉप डेटाबेसात एक मूलभूत उणीव असते. काम करण्यासाठी ज्याला त्या फोल्डरमध्ये लेखनाचा अधिकार द्यावा लागतो, त्याला संपूर्ण संचिकेची प्रतही काढता येते. अ‍ॅक्सेसच्या २००७ पासूनच्या प्रकारात परवलीच्या शब्दाने सर्व संचिका कूटबद्ध करता येते. परंतु एका कर्मचाऱ्यास वेतनाचे कोष्टक दिसावे व दुसऱ्यास दिसू नये, असे व्यक्तिगणिक अधिकार त्या प्रकारात देता येत नाहीत. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने व्यक्तींची माहिती बाळगणाऱ्यांवर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याची जबाबदारी टाकली आहे. रुग्ण, विद्यार्थी व सभासद यांची संवेदनशील माहिती असल्यास, आकार लहान असला तरी, सर्व्हरवरील डेटाबेस निवडणे योग्य ठरते.

डेस्कटॉप डेटाबेसचे बहुतेक अपयश साधनाच्या उणिवेपेक्षा त्याच्या मालकीच्या अनिश्चिततेतून उद्भवते. संचिका तयार करणारा कर्मचारी बदलून वा निवृत्त होऊन जातो आणि तिची रचना, परवलीचा शब्द व राखीव प्रतींची जागा हे ज्ञान त्याच्याबरोबरच जाते. कोष्टकांची रचना, रकान्यांचे अर्थ, प्रती घेण्याचे वेळापत्रक व जबाबदार व्यक्तीचे पद यांची लेखी नोंद कार्यालयात असणे हा म्हणूनच व्यवस्थापनाचा अविभाज्य भाग होय. अशी नोंद असेल आणि मर्यादा वेळीच ओळखल्या जात असतील, तर लहान व मध्यम कार्यालयांसाठी डेस्कटॉप डेटाबेस हे अल्प खर्चाचे, स्वायत्त व दीर्घकाळ उपयोगी पडणारे साधन ठरते.